जुनी पितळी रील काढून बजेटमधली बेटकास्टर बसवताना

प्रश्न थोडक्यात असा: घरात वडिलांच्या काळची मासेमारीची गोल रील आहे. स्पूल (दोरी गुंडाळायचा फिरता भाग) पितळी, बाजूच्या चकत्या काळ्या बॅकेलाइटच्या, हँडल उजवीकडे. सोबत सहा फुटी फायबरग्लासचा रॉड आणि 0.40 मिलिमीटरचं तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी). नागपूरच्या आसपासच्या तलावांवर मरळीसाठी रबरी बेडूक (नकली आमिष) फेकायचा आहे आणि खर्चाची तयारी चार हजारांपर्यंत आहे. नवी बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारी आणि फेकताना स्पूल फिरणारी रील, याच रॉडवर चालेल का, कोणती घ्यावी, आणि दर दोन फेकींनंतर होणारा गुंता कसा टाळावा?

मरळीसाठी हा बदल करण्यासारखाच आहे. रोहू-कतल्यासाठी कणकेची किंवा पेंडीची गोळी लावून तरंगाकडे बघत बसायचं असेल, तर मात्र बेटकास्टर घेऊच नका. तिथे साधी स्पिनिंग रील (रॉडखाली टांगलेली, फेकताना स्पूल न फिरणारी) स्वस्त पडते, हलकं वजन लांब फेकते आणि गुंताही कमी करते. बेटकास्टर कामाची ठरते ती 10 ग्रॅमच्या वरचं आमिष पुन्हा पुन्हा एकाच जागी अचूक टाकायला आणि अडकलेला मासा बेशरमीच्या झुडपातून ओढून काढायला. मरळीला नेमकं हेच लागतं.

आधी रॉडकडे बघा, रील नंतर. तुमची जुनी रील रॉडच्या वर बसत असेल, दोरी जायच्या कड्याही वर असतील आणि मुठीखाली बोट अडकवायला आकडा असेल, तर तो कास्टिंग रॉड आहे. नवी रील त्यावर तत्त्वतः बसते. कड्या खाली असतील आणि हँडलकडची पहिली कडी चांगली मोठी असेल, तर तो स्पिनिंगचा रॉड. त्यावर बेटकास्टर उलटी टांगून वापरणारे दिसतात; तसं करू नका. अंगठा स्पूलपर्यंत पोचत नाही, आणि मोठ्या कडीतून दोरी झोके खात जाते.

जुन्या रॉडमध्ये दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे रीलचा पाय. नवीन चपट्या रीलचा पाय बहुतेक स्क्रूच्या सीटमध्ये बसतो, पण कॉर्कवर सरकणाऱ्या दोन कड्यांनी रील धरणारे जुने रॉड असतात, त्यात तो ढिला राहतो. रील बसवा, आवळा आणि रॉड उलटा धरून झटके द्या. जरा हलत असेल तर पायाखाली सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी घाला. तरीही हलली, तर तो रॉड या रीलसाठी नाही. दुसरी गोष्ट कड्यांची. तंगूस मऊ असतं, पण ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली दोरी) करवतीसारखी चालते आणि जुन्या साध्या धातूच्या कड्यांत खाच पाडते. मग तीच खाच ब्रेड कापत बसते. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी ती कडी बदला. टोकाची कडी सगळ्यात आधी झिजते. ती गरम करून काढता येते आणि आतून सिरॅमिक असलेली नवी कडी गरम गोंदाने पाच मिनिटांत बसते. पाचही कड्या झिजल्या असतील तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं होईल. त्यापेक्षा साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम हेवी, 10 ते 30 ग्रॅम आमिषासाठी लिहिलेला रॉड घ्या.

आता रील. चारही हजार तिच्यावर घालू नका. तीन-सव्वातीन हजार रीलला आणि उरलेले बऱ्या ब्रेडला ठेवा. महाग रीलवरची वाईट दोरी ही स्वस्त रीलवरच्या चांगल्या दोरीपेक्षा जास्त डोकं खाते.

खरेदीतली सगळ्यात महागडी चूक हँडलच्या बाजूची असते. स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, बेटकास्टरचं येत नाही. गिअर, क्लच, ड्रॅगची (मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणाऱ्या ब्रेकची) चांदणी सगळं एकाच बाजूला बसवलेलं असतं. खोक्यावर 'लेफ्ट हँड' लिहिलेलं असेल तर हँडल डावीकडे आहे असा अर्थ घ्यायचा, डावखुऱ्यांसाठी आहे असा नाही. शिमानोसारख्या कंपन्या हे आकड्यांत सांगतात: 150 म्हणजे उजवं हँडल, 151 म्हणजे डावं. तुमच्या जुन्या रीलचं हँडल उजवीकडे आहे आणि हात त्याला सरावलेला आहे, तर उजवंच घ्या. पूर्वी स्पिनिंग वापरलेल्यांनी डावं घेतलं तर फेकल्यावर रॉड हातातून हातात द्यावा लागत नाही. बेडूक पाण्यावर पडताक्षणी मरळ झडप घालते, तेव्हा तो अर्धा सेकंद कामाला येतो.

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. 18 बेअरिंग असलेली अडीच हजारांची रील आणि 4 बेअरिंग असलेली तेवढ्याच किमतीची रील समोर असेल, तर दुसरी उचलावी. स्पूलला दोन्ही टोकांना दोन चांगली बेअरिंग असली की फेक सुटते. बाकीची बहुधा हँडलच्या मुठीत आणि दोरी पसरवणाऱ्या दांड्यात असतात. हातात घेतल्यावर बघायचं ते वेगळंच. स्पूल आणि चौकट यांतली फट सगळीकडे सारखी आहे का, कारण एका बाजूला जास्त असेल तर बारीक ब्रेड तिथून आत शिरते आणि दांड्याला गुंडाळते. स्पूल मोकळा करणारा अंगठ्याचा खटका दाबल्यावर हँडल पाव फेरी फिरवताच तो परत वर येतो का. हँडल मागे ढकललं तर लगेच थांबतं का. जुन्या रीलमध्ये इथे दात आणि खटका असायचा, म्हणून हँडल थोडं मागे यायचं. नवीनमध्ये एकाच दिशेने फिरणारं रोलरचं बेअरिंग असतं आणि ते जागच्या जागी अडतं.

गिअरच्या गुणोत्तराबाबत लोक उगाच वाद घालतात. हिशेब सोपा आहे. स्पूलवर दोरीसकट व्यास 32 मिलिमीटर असेल तर एका वेढ्यात साधारण 10 सेंटिमीटर दोरी येते. 5.3:1 च्या रीलमध्ये हँडलच्या एका फेरीला 53 सेंटिमीटर, 6.4:1 मध्ये 64, 7.2:1 मध्ये 72. रबरी बेडूक तुम्ही रॉडच्या टोकाने नाचवता. रीलचं काम फक्त ढील गोळा करायचं आणि मासा लागल्यावर त्याला झुडपात वळू न देण्याचं. म्हणून 6.3 ते 7.2 मधली कोणतीही चालेल. 8 च्या वरची स्वस्त रील घेऊ नका. तेवढ्या वेगाला ओढायची ताकद कमी पडते आणि स्वस्त गिअरचे दात लवकर बोलायला लागतात. अबू गार्सियाची ब्लॅक मॅक्स 6.4:1 ची आणि चुंबकी ब्रेकची आहे, ती या कामाला नेमकी जुळते. त्याच धाटणीच्या इतरही आहेत.

फेकीत स्पूलला आवरणारा ब्रेक चुंबकी घ्यावा की केंद्रोत्सारी, यावर पहिल्या रीलसाठी माझं मत चुंबकीकडे झुकतं. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलवरचे छोटे ठोकळे वेगाने बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. स्पूल जितका जोरात फिरेल तितका जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फेकीच्या सुरुवातीला पकड जबर आणि शेवटी जवळजवळ नाहीच. लांब फेकीला हे उत्तम. पण ठोकळे बदलायला बहुतेक स्वस्त रीलमध्ये बाजूचं झाकण उघडावं लागतं, आणि तलावाच्या काठावर गाळात उभं राहून त्याचा स्क्रू सांभाळणं नको वाटतं. चुंबकी ब्रेक बाहेरच्या चकतीवर 0 ते 10 असा फिरतो आणि शेवटपर्यंत थोडा धरून राहतो. आपल्याकडे मार्च ते मे दुपारचा गरम वारा उघड्या धरणाच्या पाण्यावर कधी समोरून, कधी कडेने येतो. दर दहा मिनिटांनी बदल लागतो, तेव्हा बाहेरची चकती बरी.

आता दोरी. जुन्या रीलचा स्पूल मोठा होता, नव्याचा छोटा आहे. नव्यावर 0.32 मिलिमीटर, 100 मीटर असं लिहिलेलं असेल, तर तुमचं 0.40 चं तंगूस त्यात 64 मीटरच मावेल. हिशेब व्यासाच्या वर्गाने करायचा: 0.32 चा वर्ग गुणिले 100, भागिले 0.40 चा वर्ग. शिवाय जाड तंगूस छोट्या स्पूलवर स्प्रिंगसारखं उसळतं, त्यामुळे गुंत्याची सोयच होते. ते जुन्या रीलवरच राहू द्या.

नव्यावर 30 ते 40 पौंडाची ब्रेड भरा. मात्र ती सरळ उघड्या धातूच्या स्पूलवर बांधू नका. ब्रेडला पकड नसते आणि मासा ओढायला लागला की सगळा गोळा स्पूलवर गोल घसरतो. लोक ड्रॅग बिघडला म्हणून रील उघडतात आणि दोष गाठीत असतो. खाली तंगूसचा थर द्या. वर सांगितलेल्याच स्पूलवर 0.30 मिलिमीटरची 80 मीटर ब्रेड भरायची असेल, तर त्याच हिशेबाने (व्यासाचा वर्ग गुणिले लांबी) तिला 7.2 एकक जागा लागते. एकूण 10.24 पैकी उरली 3.04, म्हणजे 0.30 चं तंगूस सुमारे 34 मीटर. ब्रेडची लिहिलेली जाडी नेहमी खरी नसते, म्हणून 30 मीटरने सुरू करा. दोरी स्पूलच्या काठापासून 2 ते 3 मिलिमीटर खाली थांबली पाहिजे. काठोकाठ भरली तर पहिल्याच फेकीत बाहेर सांडते. फारच खाली राहिली तर फेक आखूड पडते आणि हँडलच्या फेरीला येणारी दोरीही कमी होते.

भरताना ताण हवा. ब्रेडची गुंडी पेन्सिलवर अडकवून दुसऱ्याला धरायला सांगा आणि रीलच्या पुढे ओल्या फडक्यातून बोटांनी दाबून ब्रेड आत घ्या. सैल भरलेली ब्रेड मासा लागल्यावर खालच्या थरात रुतते. पुढच्या फेकीत तीच जागा आली की स्पूल गपकन थांबतो आणि बेडूक दोरी तोडून एकटाच पाण्यात जातो. अशी आमिषं गमावल्यावर लोक ब्रेडला शिव्या देतात. तंगूस आणि ब्रेडची जोडगाठ 'दुहेरी युनी' नावाची घाला, टोकं अगदी जवळून कापा. 80 मीटर ब्रेड असेल तर ती गाठ फेकीत कधी बाहेर येतच नाही, कारण स्वस्त रीलवर 12-14 ग्रॅमचा बेडूक बहुधा 25-35 मीटर जातो, आणि मरळीला तेवढं पुष्कळ झालं.

गुंता का होतो हे एकदा समजलं की अर्धी लढाई जिंकली. आमिष हवेत गेल्यावर हवेच्या विरोधाने त्याचा वेग कमी होतो, पण स्पूलला ते कळत नाही. तो आपल्या वेगात फिरत राहतो. जितकी दोरी आमिष ओढून नेतं त्यापेक्षा जास्त दोरी स्पूल सोडतो. ती जास्तीची दोरी आतच उसळून वळते. पितळी स्पूल जड होता, सुरू व्हायला आणि थांबायला वेळ घ्यायचा, म्हणून जुन्या रीलवर हात जोरात झटकला तरी तो सुरुवातीला मागे राहायचा. नवा ॲल्युमिनियमचा स्पूल लगेच वेग घेतो. जुन्या सवयीचा झटका त्यावर दिला की गुंता सुरुवातीलाच होतो, फेकीच्या शेवटी नाही. म्हणजे जुनी रील वापरलेल्या माणसाचा अंगठा पक्का असतो, पण मनगट चुकीचं. स्पिनिंगवरून आलेल्याचं उलट.

दोन गोष्टी क्रमाने लावा. पहिली, हँडलच्या बाजूची स्पूल-ताणाची गुंडी. आमिष रॉडच्या टोकाला लटकवा, खटका दाबा आणि बघा. पहिल्या आठवड्यात ते हळूहळू खाली यावं आणि जमिनीला टेकताच स्पूल एका वेढ्याच्या आत थांबावा. नंतर सरावाने ती गुंडी एवढी सैल करा की स्पूल अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे हलवला तर खळखळ नसावी, पण दाबही नसावा. तिथे ती कायम ठेवा आणि पुढचं काम ब्रेकवर सोडा. गुंडी घट्ट करून फेक सांभाळत राहिलात तर स्पूलच्या टोकांची चकती झिजते आणि सहा महिन्यांत तक्रार सुरू होते. दुसरी, चुंबकी चकती. 7 किंवा 8 पासून सुरू करा, 20 फेकी स्वच्छ गेल्या की एक घर खाली. केंद्रोत्सारी असेल तर सहापैकी चार ठोकळे चालू ठेवा, समोरासमोरचे, नाहीतर स्पूल डगमगतो. समोरून वारा असेल तर चकती दोन घरं वर आणि फेक जमिनीलगत.

मनगटाचा झटका सोडा. रॉड मागे नेऊन थांबा, त्याला आमिषाच्या वजनाने वाकू द्या, मग एका संथ वेगाने पुढे आणा. वेग शेवटी वाढतो, सुरुवातीला नाही. अंगठा पूर्ण दाबाने नाही, पिसासारखा दोरीवर ठेवा आणि आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी दाबून स्पूल थांबवा. सगळे ब्रेक अंगठ्याचे मदतनीस आहेत, पर्याय नाहीत.

सराव काठावर करू नका. कॉलनीतल्या गवताच्या मैदानावर 14-15 ग्रॅमचं गळ नसलेलं वजन बांधा. डांबरी रस्ता नको, ब्रेड फाटते. 20 मीटर अंतरावर बादली ठेवा, तेवढी दोरी आणि वर पाच मीटर बाहेर ओढा, आणि स्पूलवर उरलेल्या दोरीवर इलेक्ट्रिशियनची टेप एक वेढा मारा. आता कितीही बिघडलं तरी गुंता टेपच्या खाली जात नाही. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठच सराव करा. नंतर हँडलचा धातू तापतो आणि हातही.

गुंता झालाच तर गळाने किंवा सुईने खोदू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबा, हँडल दोन-तीन वेढे फिरवा, मग खटका दाबून दोरी हळू ओढा. बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रयत्नांत सुटते. ब्रेडवर वळ पडला तर काही बिघडत नाही. तंगूसवर दुमडीची पांढरी खूण राहिली तर तिथपर्यंत कापून टाका, ती जागा पुढच्या माशाला तुटते.

ड्रॅगवर 'आठ किलो' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. 30 पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. त्याचा तिसरा भाग, चार-साडेचार किलो, हा वरचा टप्पा. सामान मोजायचा स्प्रिंगचा काटा दोरीला लावा, रॉड सरळ धरून ओढा आणि चार किलोवर ड्रॅग सुटेल असं ठेवा. मरळ जलपर्णीत घुसायच्या आत वळवावी लागते, त्यामुळे यापेक्षा सैल ठेवून चालत नाही. घरी आल्यावर ड्रॅग सैल करा, आतल्या चकत्या दाबून राहिल्या तर त्या चिकटतात.

तेल कमी. मासेमारीच्या पाच-सहा फेऱ्यांनंतर स्पूलच्या दोन्ही बेअरिंगना एकेक थेंब आणि दोरी पसरवणाऱ्या दांड्याला एक थेंब. डब्ल्यूडी-40 वंगण म्हणून वापरू नका, ते ग्रीस धुऊन नेतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडलमागच्या एकतर्फी रोलरमध्ये ग्रीस भरू नका. तिथे ते घट्ट झालं की रोलर घसरतो, मरळीला झटका द्यायच्या क्षणी हँडल उलट फिरतं आणि बोटावर आपटतं. मे महिन्यात बंद गाडीत रील ठेवली तर ग्रीस पातळ होऊन तिथेच उतरतं. रील पिशवीत घालून सोबत घरात न्या.

परवानगीचं थोडक्यात: आपल्याकडचे बहुतेक तलाव आणि बोड्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यावर असतात, आधी तिथल्या लोकांना विचारा. तोतलाडोह जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे मासेमारी बंद आहे. पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका दिसला तर खाली नर-मादी राखण करत असतात, त्यावर बेडूक टाकू नका. ती मरळ भुकेने नाही, रागाने चावते, आणि ती काढली की पिलं संपली.

जुनी रील विकू नका. तिच्या मोठ्या स्पूलवर ते 0.40 चं तंगूस, 40 ते 60 ग्रॅमचं शिसं आणि तळाला शिंगाडा माशासाठी गांडूळ किंवा मासळीचा तुकडा, हे काम नवी चपटी रील करू शकत नाही. ती उघडून पितळी भाग रॉकेलने धुवा. बॅकेलाइटच्या चकत्यांना पेट्रोल किंवा थिनर लावू नका. जुन्या ड्रॅगच्या कातडी चकत्या कडक झाल्या असतील तर एक रात्र नीट्सफूट तेलात (कातडं मऊ ठेवायच्या तेलात) भिजवा, पुसा आणि परत बसवा.